वरैयाडूच्या मुलखात

मुन्नारला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम आता जवळजवळ ठरून गेलेला आहे. कोचीला उतरायचे, मोटारीने सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता चढायचा, वाटेत धबधब्यापाशी चहा घ्यायचा, वर पोहोचल्यावर चहाच्या मळ्यात उभे राहून पुन्हा चहा घ्यायचा आणि परत निघताना चहाच विकत घ्यायचा. या कार्यक्रमाला माझा विरोध नाही. चहाला विरोध करणारा मराठीचा प्राध्यापक अजून जन्माला यायचा आहे. पण जिथे हा मळा संपतो आणि नुसते गवत नि उघडा कातळ सुरू होतो, तिथे एक प्राणी राहतो. त्याच्यासाठी गोरे साहेब एके काळी खांद्यावर रायफल टाकून हे डोंगर पालथे घालीत. त्या प्राण्याची, आणि माणसाने त्याच्यापासून किती अंतरावर उभे राहावे याची, ही हकीकत आहे.

शाळेच्या भूगोलात आपण सह्याद्री शिकतो, तो तापीपाशी सुरू होतो आणि आपल्यापुरता गोव्याच्या आसपास संपतो. डोंगराने मात्र तो भूगोल वाचलेला नसतो. तो तसाच कर्नाटकातून दक्षिणेकडे चालत जातो, नीलगिरीपाशी एकदम उंच होतो, पालघाटच्या खिंडीत क्षणभर खाली बसतो आणि पुन्हा उठतो तो थेट आनामुडीपर्यंत. ‘आना’ म्हणजे हत्ती आणि ‘मुडी’ म्हणजे डोके. हे हत्तीचे डोके २,६९५ मीटर उंच आहे. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजार मीटरचा डोंगर ठेवावा तेव्हा कुठे आनामुडीशी बरोबरी व्हायची.

या उंचीवर राहणाऱ्या प्राण्याला तमिळ माणूस ‘वरैयाडू’ म्हणतो. ‘वरै’ म्हणजे कडा आणि ‘आडू’ म्हणजे शेळी. कड्यावरची शेळी! दोन हजार वर्षांपूर्वीच्या संघम् वाङ्मयात तिचे उल्लेख आहेत. साहेब आला आणि त्याने युरोपातल्या डोंगरी बोकडाची आठवण काढून तिला ‘आयबेक्स’ म्हणायला सुरुवात केली. ती आयबेक्स नव्हेच. पुढे शास्त्रज्ञांनी तिला हिमालयातल्या ‘ताहर’ची बहीण ठरवले. २००५ साली तिच्या रक्ताची वंशपरीक्षा झाली, तेव्हा तेही खोटे ठरले. ही बाई हिमालयातल्या ताहरपेक्षा मेंढ्यांना जवळची निघाली आणि तिच्यासाठी स्वतंत्र कुळी मांडावी लागली. आपल्याकडे सोयरीक जुळवताना कुळाचा जेवढा घोळ होत नाही, तेवढा या एका शेळीच्या कुळाचा झाला आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचजण तिकडे गेलो. मी, आमची ही, दहावीतली कन्या, माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान. या यजमानांना आम्ही सगळे ‘दाजी’ म्हणतो. दाजी साताऱ्याकडचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली निम्मी वर्षे त्यांनी नव्या पोरांना रायफल धरायला शिकवण्यात घालवली. मी तीच वर्षे पोरांना समास सोडवायला शिकवण्यात घालवली. दोघांचाही अनुभव असा, की नेम चुकायचा तो चुकतोच.

कुठल्याही मुलखात जाण्यापूर्वी त्या मुलखावरची जुनी पुस्तके वाचायची ही माझी सवय. या खेपेला जनरल डग्लस हॅमिल्टन यांचे १८९२ साली निघालेले ‘रेकॉर्ड्स ऑफ स्पोर्ट इन सदर्न इंडिया’ आणि फ्लेचर यांचे १९११ सालचे ‘स्पोर्ट ऑन द नीलगिरीज अँड इन वायनाड’ चाळून झाले होते. आता, मराठीचा प्राध्यापक शिकारीची पुस्तके वाचणार म्हणजे त्यातले निम्मे डोक्यावरून जाणार. पण या खेपेला शेजारी दाजी होते. आम्ही उतरलो होतो त्या घरामागे चहाचा उभा उतार होता. पहिल्याच सकाळी मी त्यांना विचारले, “दाजी, डोंगरातला बोकड मारायचा म्हटले तर तो खालून मारायचा की वरून?”

दाजींनी माझ्याकडे पाहिले. मग उताराकडे पाहिले. मग आत जाऊन ते छत्री घेऊन आले.

“मास्तर,” ते म्हणाले, “कड्यावरच्या जनावराचा वैरी नेहमी खालून येतो. बिबट्या खालून, रानकुत्री खालून, माणूस खालून. म्हणून त्याची नजर कायम खाली असते. तेव्हा आपण वर जायचे. मोठा वळसा घालून, डोंगराच्या मागल्या अंगाने.”

जुन्या पुस्तकांतही नेमके हेच सांगितले आहे. कळप चरत असताना एखादी वयस्क मादी उंच खडकावर उभी राहते. ती पहारेकरीण. तिची दृष्टी इतकी तीक्ष्ण, की समोरच्या डोंगरावर माणूस हलला तरी तिला कळते. तिने इशारा केला की अख्खा कळप कड्यावर उतरलाच म्हणून समजावे. वरैयाडूची सगळी गृहरचनाच तशी आहे. चरायला गवताचे पठार आणि पळायला शेजारी कडा. कड्यापासून फार दूर ती सहसा जात नाही.

दाजींनी गवताची दोन-चार पाती खुडून हवेत सोडली. ती उताराने हलकेच वर गेली. “हे पाहा. ऊन चढले की डोंगराचे अंग तापते आणि वारा खालून वर वाहू लागतो. संध्याकाळी गार झाले की तोच वरून खाली येतो. म्हणजे सकाळी उन्हे पडल्यावर आपण वर असलो, तर आपला वास जनावराकडे जात नाही. आणि कड्याच्या कडेवर उभे राहून कधी पाहू नये. आभाळावर आपली आकृती उमटते. पोटावर सरपटत यायचे आणि दगडाच्या बगलेतून बघायचे.”

त्यानंतर छत्रीची रायफल झाली आणि दाजींनी मला चारी आसने दाखवली. सैन्यात सगळ्यांत भरवशाचे आसन म्हणजे पालथे पडून नेम धरण्याचे. सगळे अंग जमिनीला टेकलेले, त्यामुळे हात कापत नाही. पण हे झाले सपाट मैदानावर. उभ्या उतारावर डोके खाली करून पालथे पडले, की रक्त डोक्यात उतरते, मान दुखू लागते आणि नळी हवी तेवढी खाली झुकत नाही. उभ्याने नेम धरणे म्हणजे वाऱ्यावर दिवा लावणे. एक गुडघा टेकला तर थोडे बरे. डोंगरातले खरे आसन म्हणजे बैठक. टाचा जमिनीत रोवायच्या, दोन्ही कोपरे गुडघ्यांच्या आतल्या अंगाला टेकवायची आणि रायफलीचा पट्टा डाव्या दंडाला आवळून घ्यायचा. म्हणजे माणसाची तिवई होते. दगडाचा आधार मिळाला तर उत्तमच. पण नळी नुसत्या दगडावर टेकवायची नाही, कारण बार निघताना ती उसळते. मध्ये टोपी किंवा झोळी ठेवायची.

“आणि चढून आल्याबरोबर गोळी झाडायची नाही,” दाजी म्हणाले. “छातीचा भाता चालू असतो. शंभर आकडे मोजायचे. मग निम्मा श्वास सोडायचा, तिथे थांबायचे आणि बोट ओढायचे नाही, दाबायचे. लिंबातले शेवटचे थेंब पिळतात तसे.”

एवढे बोलून दाजींनी बैठक मारली आणि छत्रीचा नेम समोरच्या टेकडीवर धरला. खालच्या ओळीत पाने खुडणाऱ्या दोन बायका काम थांबवून तोंडाला पदर लावून हसत होत्या. आमच्या ताईने दारातूनच विचारले, “अहो, पाऊस कुठून येतोय?”

मग निघाला अंतराचा प्रश्न. गोळी सरळ रेषेत जाते अशी माझी समजूत होती. ती तशी जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती हातातून सुटलेल्या दगडासारखी खाली पडू लागते. फक्त तेवढ्या वेळात पुढे फार जाते, इतकेच. जुन्या लष्करी .३०३ रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे २,४४० फूट वेगाने सुटे. १०० वारांवर ती नळीच्या रेषेखाली साधारण ३ इंच पडते, २०० वारांवर फुटापेक्षा थोडी जास्त, आणि ३०० वारांवर जवळजवळ तीन फूट. बोकडाच्या काळजाची जागा आपल्या जेवणाच्या ताटाहून लहान. म्हणजे अंतराचा अंदाज पन्नास वारांनी चुकला तरी गोळी एक तर फुकट जाते, नाही तर जनावर जखमी होऊन कड्याखाली कुठे तरी हाल होऊन मरते. दुसरी गोष्ट अधिक वाईट.

डोंगरात हा अंदाज हमखास चुकतो. पावसाने धुतलेल्या निर्मळ हवेत पलीकडचा डोंगर हाताशी आल्यासारखा वाटतो. मधली दरी डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून अंतर कमी भासते. धुके आले की तेच जनावर दूर गेल्यासारखे आणि मोठे दिसते. त्यातून उताराची आणखी एक गंमत आहे. दाजींनी ती सांगितली तेव्हा माझा विश्वास बसेना. “वर मारा की खाली मारा,” ते म्हणाले, “नेम धरायचा तो थोडा खालीच.”

वर मारताना खाली धरायचा? आमच्या कन्येने लगेच वही काढली. पृथ्वी गोळीला खाली ओढते ते सरळ उभ्या दिशेने. म्हणून उतारावरचे अंतर न धरता त्याच्या पायथ्याचे आडवे अंतर धरायचे. ४५ अंशांच्या उतारावर ३०० वारांवर बोकड असेल, तर आडवे अंतर भरते २१२ वार. नेम २१२ चाच हवा. ३०० चा धरला तर गोळी सुमारे दहा इंच वरून, म्हणजे त्याच्या पाठीवरून निघून जाते. “बाबा, कोसाइन!” ती म्हणाली. दहावीच्या त्रिकोणमितीचा व्यवहारात काही उपयोग असतो हे आमच्या घरात प्रथमच सिद्ध झाले.

जुन्या शिकाऱ्यांजवळ हे गणित चालवायला फारशी जागाच नव्हती. हॅमिल्टनच्या काळातल्या काळ्या दारूच्या ‘एक्स्प्रेस’ रायफलींचा भरवसा दीडशे वारांपर्यंतच. पहिला बार निघाला की पांढऱ्या धुराचा लोट समोर उभा राही आणि बोकड पडला की पळाला हेही लवकर कळत नसे. त्यामुळे जवळ जाणे हीच शिकार होती. चार-चार तास वळसा, पोटावर सरपटणे, वारा फिरला की पुन्हा पहिल्यापासून. आज उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वतापासून अलास्कापर्यंत जो पांढरा डोंगरी बोकड आहे, त्याची शिकार परवाना काढून अजूनही चालते. आता शिकाऱ्याजवळ दुर्बीण बसवलेली रायफल असते आणि अंतर मोजायला प्रकाशकिरणाचे यंत्र असते. पाचशे वारांवरूनही गोळी घालता येते. पण तेवढे अंतर कापायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात बोकड एक पाऊल टाकू शकतो. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेला ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ ही शिकाऱ्यांचीच संस्था. तिनेही अशा लांबच्या गोळीला नापसंती दिली आहे. कारण जनावराला आपली चाहूल लागण्याची संधीच राहत नसेल, तर ती शिकार कसली?

हे वाचले तेव्हा मला थोडे नवल वाटले. मारायलाच निघालेल्या माणसाला कसला आला न्याय? पण या मुन्नारच्या डोंगरावर वरैयाडू आज उरली आहे ती काही अंशी अशाच माणसांमुळे, हे नाकारता येत नाही.

झाले असे. १८७७ साली जॉन मन्रो नावाच्या साहेबाने पूंजारच्या राजाकडून हा डोंगराळ मुलूख पट्ट्याने घेतला. पुढे चहाची लागवड झाली. मळ्यांच्या वर एरविकुलमचे गवताळ पठार होते. ते चहाला फारसे कामाचे नव्हते, म्हणून मळेवाल्यांनी शिकारीसाठी राखून ठेवले. त्याच सुमारास पालघाटच्या उत्तरेला, उटकमंडच्या साहेबांनीही संस्था काढली होती आणि १८७९ साली मद्रास सरकारने नीलगिरीतल्या शिकारीवर निर्बंध घालणारा कायदा केला. मुन्नारला मळेवाल्यांनी आपले नियम केले आणि राखणीला मुतुवन या आदिवासी जमातीतली माणसे नेमली. नियमांतला मुख्य संकेत असा, की मादी मारायची नाही, पिलू मारायचे नाही. मारायचा तो ‘सॅडलबॅक’. नर वयात आला की त्याचे अंग काळपट होते आणि पाठीवर खोगीर टाकावे तसा रुपेरी पट्टा उमटतो. तो सॅडलबॅक. त्याची शिंगे क्लबच्या भिंतीवर लावली की शिकाऱ्याच्या जन्माचे सार्थक होई.

साहेबांचा समज असा, की हा म्हातारा, कळपाला नकोसा झालेला नर. त्याला मारल्याने कळपाचे काही बिघडत नाही. पुढे अभ्यासकांनी वर्षानुवर्षे दुर्बिणी लावून पाहिले, तेव्हा कळले की पावसाळ्यातल्या माजाच्या दिवसांत कळपात मान असतो तो याच काळ्या नराला. जानेवारी-फेब्रुवारीत जी पिले जन्मतात, त्यांतल्या बऱ्याचशांचा बाप तोच. म्हणजे नियमात अर्धे शहाणपण होते आणि अर्धा स्वार्थ. पण माद्या वाचल्या आणि चोरटी शिकार थांबली, हेही खरे.

१९६९ साली जॉर्ज शॅलर हे प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ इथे येऊन राहिले. हिमालयातल्या भटकंतीवरच्या त्यांच्या पुस्तकात या प्राण्यांवरही एक प्रकरण आहे आणि त्यात त्यांनी यांना ‘ढगांतल्या शेळ्या’ म्हटले आहे. १९७१ साली केरळ सरकारने कायदा करून मळेवाल्यांजवळच्या जमिनी परत घेतल्या. तेव्हा या पठाराचे काय करायचे असा प्रश्न आला. शेतीला वाटून टाकावे, असाही एक विचार होता. अखेर १९७५ साली ते अभयारण्य झाले आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान. त्याआधी १९७२ चा वन्यजीव कायदा आला होता, त्यामुळे वरैयाडूची शिकार कायमची बंद झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजमलईला गेलो. खाली वनखात्याच्या गाडीत बसायचे, वर उतरायचे आणि आखून दिलेल्या डांबरी वाटेने साधारण किलोमीटरभर चालायचे. वाट सोडायची नाही. डावीकडे काळ्या कातळाच्या उभ्या भिंती, त्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा, उजवीकडे खोल दरी आणि मधूनच येणारे धुके. पहिल्या वळणावरच गर्दी दिसली. रस्त्याच्या कडेला वरैयाडू चरत होती. मादी आणि तिचे पिलू. ज्या प्राण्याजवळ दीडशे वारांवर पोहोचायला हॅमिल्टनसारख्याला अर्धा दिवस लागे, तो इथे चार हातांवर गवत खात होता. तीन-चार पिढ्यांत त्यांनी गोळीचा आवाज ऐकलेला नाही. माणूस म्हणजे वैरी, हे ज्ञान त्यांच्यातून पुसले गेले आहे.

हे पाहून डोळे भरून यावेत. माझे आलेही असते. पण तेवढ्यात एक गृहस्थ आपल्या मुलाला पिलाच्या अंगावर ढकलत “हात लाव, हात लाव, फोटो काढतो” असे ओरडू लागले. दुसऱ्याने बिस्किटाचा पुडा फोडला. मादीने मान वर केली, पिलाला अंगाशी घेतले आणि ती कातळाच्या बाजूला दोन पावले सरकली. वनखात्याचा रक्षक धावत आला आणि हात पसरून सगळ्यांना मागे लोटू लागला.

दाजी या गर्दीत नव्हते. ते मागे, तीसेक पावलांवर, संरक्षक कठड्याशी उभे होते. मी त्यांच्यापाशी गेलो. “जवळ येत नाही?” मी विचारले.

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “१९९२ साली मी लडाखला होतो. बर्फाने रस्ता बंद झालेला, ताजे मटण महिनाभर नाही. चौकीसमोरच्या कड्यावर आयबेक्स यायचे. पोरे म्हणाली, ‘उस्ताद, तुमच्या हातून चुकणार नाही.’ कायद्याने बंदी होती. पण तिथे बघायला कोण होते? मी गेलो. वरून गेलो. बैठक घेतली. २८० मीटर. मोठा नर होता. वारा पडलेला. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी पाहिले, तो अगदी कडेवर उभा होता. पडला असता तर हजार फूट खाली. मग त्याला आणायला दोन पोरांना दोर बांधून उतरवावे लागले असते. एका बोकडासाठी! मी रायफल खाली घेतली.”

“म्हणजे पोरांसाठी सोडलात?”

“तेव्हा तसेच वाटले,” दाजी म्हणाले. “पण आता आठवतो तो बोकडच. त्याने मला पाहिले होते आणि तरी तो पळाला नाही. २८० मीटर त्याच्या हिशेबाने पुरेसे होते. ते अंतर त्याने ठरवले होते, मास्तर. इथे अंतर कोणीच ठरवीत नाही.”

केरळ आणि तमिळनाडू या दोन राज्यांनी २०२५ साली मिळून मोजणी केली, तेव्हा सगळ्या जगात मिळून २,६६८ वरैयाडू भरल्या. आठशेच्या वर एकट्या एरविकुलममध्ये. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या पटावर याहून जास्त मुले असतात. पिले जन्मतात त्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, उद्यान बंद ठेवतात. माद्यांना तेव्हा तरी हवे तेवढे अंतर मिळते. तुम्ही जाल तेव्हा एवढे करा. ज्या क्षणी जनावर चरणे थांबवून मान वर करील, त्या क्षणी थांबा आणि दोन पावले मागे या. शिकाऱ्याला हे कळत होते. आपण बंदूक टाकून दिली, हे चांगलेच झाले. बंदुकीबरोबर हे कळणेही टाकून द्यायचे कारण नव्हते.

परतीच्या गाडीत कन्या फोटो दाखवीत होती. धुके निघून गेल्यावर तिने समोरच्या कड्याचा एक फोटो काढला होता. ताईने तो हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. “अगं, यात नुसता दगड आहे. बोकड कुठे आहे?”

“तो काय, आत्या, वर डावीकडे,” कन्या म्हणाली. “काळा, पाठीवर पट्टा असलेला. आपल्याकडेच बघतोय.”

दाजींनी चश्मा लावला, फोटो पाहिला आणि म्हणाले, “तीनशे वार.”